नळीतला निळा

"अर्धा," वहिनी म्हणाली आणि तिनं नळी स्टँडमध्ये ठेवून दिली.

मॅडमनी नळीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "नक्की?"

त्या प्रयोगशाळेत असा प्रश्न कोणी विचारत नसे. नळी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा किंचित बारीक करायचा आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं, ही वहिनीची पद्धत होती. तिनं आकडा सांगितला की बाकीच्यांनी लिहून घ्यायचा. मॅडम केंद्राच्या प्रमुख, शिकलेल्या आणि शिस्तीच्या; पण त्यासुद्धा आजवर लिहूनच घेत आल्या होत्या.

"मी अर्धा म्हटलं म्हणजे अर्धा, मॅडम."

"मग काल संध्याकाळी बाहेरच्या तपासणीवाल्यांना दोनच्या वर कसा मिळाला? न सांगता आले, आपल्याच नाल्यातून बाटली भरून घेऊन गेले. आत्ता त्यांचा फोन आला होता."

वहिनीच्या मागे टेबलाशी तिघेचौघे उभे होते. चहा घ्यायला आलेले सगळे कप हातात धरून तसेच थांबले. त्यांत भाऊजीही होते.

शहराचं सगळं सांडपाणी ह्या केंद्रात येई. साबणाचा फेस, खरकटं आणि जेवताना ज्याचं नाव काढत नाहीत ते, सगळं. मोठा कचरा जाळीवर अडे, बारीक घाण जिवाणू खाऊन टाकत, पण फॉस्फरस मात्र पाण्यात विरघळून बसे आणि कशालाच दाद देत नसे. तो तसाच पुढे तळ्यात गेला की शेवाळाची चंगळ. त्याला वठणीवर आणायचं ते लोखंडानं. लोखंडाचं तपकिरी द्रावण पाण्यात बारीक धारेनं सोडलं की ते फॉस्फरसला धरतं आणि दोघं मिळून गाळ होऊन तळाशी बसतात. केंद्रावर त्या द्रावणाला काढा म्हणत, कारण दिसायला ते तसंच होतं. काढा किती सोडायचा ते वहिनी नळी पाहून ठरवी, आणि तो सोडणारा पंप भाऊजींच्या ताब्यात असे.

नळीचं गणित सोपं होतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात औषध टाकायचं, थोडं थांबायचं. जितका फॉस्फरस उरला असेल तितका निळा रंग चढे. फिकट असला तर ठीक, गडद असला तर काढा वाढवायचा. लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या आत राहायचं, हा नियम. नळीशेजारी धरून ताडून बघायला निळ्या काचांची एक चकती मिळाली होती, पण ती नवशिक्यांसाठी, असं वहिनीचं ठाम मत होतं. आकडा दाखवणारा मीटर बिघडून दुरुस्तीला गेला होता आणि तो परत आणायची कोणाला घाई नव्हती, कारण वहिनी होती.

"सकाळी अर्धा आणि संध्याकाळी दोन," मॅडम म्हणाल्या. "मधे काय होतं, वहिनी?"

तिला उत्तर ठाऊक होतं आणि ठाऊक असलेलं उत्तर पोटात ठेवणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"मधे पंप असतो," ती म्हणाली.

चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले. भाऊजींनी आपला कप ठेवला नाही. तपकिरी डाग पडलेल्या बोटांनी तो घट्ट धरून ते नुसते उभे राहिले.

"परवा सगळ्यांसमोर बसून बोलू," मॅडम भाऊजींना म्हणाल्या. "तोवर तुम्ही पंपाला हात लावू नका. मला हे आवडत नाहीये, पण काल संध्याकाळची पाळी तुमची होती. आणि खरंच पंप बंद ठेवला जात असेल तर मी तुम्हाला इथे ठेवू शकणार नाही."

भाऊजींनी मान हलवली. होकार की नकार, कळायला मार्ग नव्हता.

सगळं केंद्र तिला वहिनी म्हणत असलं तरी ती खरीखुरी वहिनी एकट्या भाऊजींची. तिचा नवरा इथला फिटर होता. केंद्र उभं राहिलं तेव्हा पहिला पाइप त्यानं जोडला आणि पहिली नळी तिनं पाहिली. त्याचा धाकटा भाऊ शाळा सोडून घरी बसला होता, त्याला नवऱ्यानं पंपावर आणला आणि ह्या पोरानं सगळ्यांसमोर 'वहिनी, डबा आणलास का?' म्हणून हाक मारली. तेव्हापासून ती सगळ्यांचीच वहिनी झाली. पुढे साहेब बदलले, टाक्या वाढल्या, नवरा एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला, पण हाक तीच राहिली.

नवऱ्याची एक वस्तू तिनं प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. एकदा गाळाच्या पाइपाचा व्हॉल्व्ह अडकला. त्यानं तो उघडला तर आत खडे. लोखंड आणि फॉस्फरस एकमेकांना इतके चिकटले होते की त्यांचा दगड झाला होता. काढला तेव्हा पांढुरका होता, म्हणे, आणि हवा लागताच बघता बघता निळा झाला. असला निळा की हातातला पाना सोडून तो तसाच, गाळानं माखलेल्या हातांनी, तो खडा घेऊन तिच्याकडे आला. "घे," तो म्हणाला, "तुझ्या नळीतला निळा. धरून आणलाय." लग्नात त्यानं काय दिलं ते आता तिला आठवतही नव्हतं, हे मात्र आठवत होतं. "उजेडात ठेवू नकोस," असंही तो म्हणाला होता. "काळा पडतो."

आणि पडलाच होता काळा. तो गेल्यावर दोनतीन वर्षांत वहिनीच्या लक्षात आलं की खड्याचा रंग उतरलाय. तिनं तो फडक्यात गुंडाळला, ड्रॉवरमध्ये अगदी मागे सरकवला, तरी तो मळकटच होत गेला. आपण तो फार वेळा बाहेर काढून बघितला, त्याचं हे फळ, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. एकदा भाऊजींना दाखवून ती म्हणालीही होती, "माणसाबरोबर हाही विझला बघा." भाऊजी तेव्हा काही बोलले नव्हते.

दुपारी ती काढ्याच्या टाकीकडे गेली. पंपाच्या शेजारी पत्र्याच्या खुर्चीवर भाऊजी हात मांडीवर ठेवून बसले होते. पंप दुसरंच कोणी चालवत होतं. स्वतःचं मूल दुसऱ्याच्या कडेवर असताना माणूस बघतो तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"रागावलात?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

"मी तुमचं नाव घेतलं नाही. पंप म्हटलं."

"पंप म्हणजे मीच की, वहिनी."

हे खरं होतं, त्यामुळे ती चिडली. "मग सांगा ना, झोपलात का? बंद राहिला का कधी? एकदा खरं सांगितलंत तर मी मॅडमशी बोलेन. माझ्या शब्दाला किंमत आहे तिथे."

"एकदाही बंद ठेवला नाही. तू जेवढा सांगतेस तेवढाच सोडतो. उलट मीच तुला सांगत होतो की जास्त सोडू दे."

"कधी सांगितलंत?"

"गाळाचा रंग उतरलाय म्हणालो नव्हतो? पूर्वी कसा विटकरी असायचा. आता काळपट येतो. लोखंड कमी पडतंय त्याला. तळं तर बघतेसच."

तळं बघायला फार लांब जायला नको होतं. केंद्राच्या कुंपणापलीकडे उतार संपला की तळंच होतं. यंदा उन्हाळा लागल्यापासून त्यावर शेवाळाची साय धरली होती. पोहायच्या पायऱ्यांवर साखळी लावली होती आणि होड्या भाड्यानं देणारा म्हातारा दिवसभर उलट्या होड्यांच्या सावलीत झोपून असायचा. लोक केंद्राकडे बोट दाखवत. वहिनी त्यांना खडसावून सांगे की आमचं पाणी स्वच्छ आहे, तुम्ही तुमच्या शेतातलं खत बघा.

"रंग मला शिकवू नका, भाऊजी," ती म्हणाली. "ह्या केंद्रात रंगाचं काही असेल तर ते मी बघते."

"बरं," भाऊजी म्हणाले.

तो 'बरं' तिला संध्याकाळपर्यंत पुरला. नवराही भांडणात हरल्यावर असंच म्हणायचा, आणि हरलेला तो असला तरी झोप हिची उडायची.

घर एकच होतं. खाली वहिनी, वर भाऊजी आणि जाऊ, स्वयंपाक एकत्र. भाऊजींनी बायकोला काही सांगितलं नव्हतं हे वहिनीला ताटं वाढतानाच कळलं, कारण जाऊ नेहमीसारखी बोलत होती. जावेला घरातलं काही कळलं नाही तरच ती नेहमीसारखी बोले. पाहुणे, नळाची गळती, शेजारणीची नवे पडदे लावायची हौस, सगळं झालं. दोघं खाली बघून जेवली. जेवण झाल्यावर भाऊजी वर गेले आणि वहिनी दिव्याखाली शिवणाची पेटी घेऊन बसली. घरातलं सगळं रफू, बटणं, उसवलेलं तीच बघत असे. भाऊजींच्या कामाच्या गडद निळ्या शर्टाची बगल उसवली होती. परवाच्या बैठकीला ते हाच शर्ट घालणार, आणि फाटक्या बगलेनं त्यांना उभं राहावं लागू नये, एवढं तरी तिला वाटत होतं. तिनं दोऱ्याचं रीळ काढलं, सुईत ओवलं आणि बारीक टाके घालत बसली.

जाऊ भांडी आवरून हात पुसत आली. वाकून बघितलं आणि हसली. "ताई, निळा दोरा संपला का?"

"हा काय, निळाच आहे."

"तो तपकिरी आहे, ताई."

"काहीतरीच. दिव्याखाली तसं वाटतंय तुला."

जावेनं पेटीत हात घालून तीन रिळं काढली आणि वहिनीच्या मांडीवर ओळीनं ठेवली. "हे निळं. हे काळं. हे तपकिरी. तुम्ही हे घेतलंय."

वहिनीनं तिन्ही रिळांकडे पाहिलं. तिन्ही सारखीच मळकट दिसत होती. तिनं पहिलं उचलून दिव्याजवळ नेलं, मग दुसरं. पुन्हा खाली ठेवलं तेव्हा कुठलं पहिलं होतं ते तिला सांगता आलं नसतं.

"मागे त्यांच्या विजारीलाही काळा लावला होतात," जाऊ सहज म्हणाली. "मला वाटलं घाईत असाल. आणि तुमचा तो कोट, बटणं एकेक वेगळ्या रंगाची झालीत त्याची. म्हटलं, आता ताईंना काय सांगायचं? तुम्ही एवढं मनापासून करता."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बटणं."

जाऊ विचार करायला लागली. "झालं असेल बरंच. आधीच्या उन्हाळ्यापासून म्हणा. का हो?"

वहिनीनं सुई कापडात टोचून ठेवली. आधीच्या उन्हाळ्यापासूनच ती काढा कमी करत आली होती. नळी फिकट दिसतेय, आपलं काम सुधारलंय, कमी काढ्यात भागतंय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मॅडमनी त्याबद्दल तिचं कौतुकही केलं होतं. तिनं शर्ट मांडीवर पसरला. टाके सुरेख पडले होते, एकसारखे, जवळजवळ. रंग तेवढा चुकला होता.

"उसवून टाक हे," ती जावेला म्हणाली. "आणि तूच घाल टाके. रीळ तूच निवड."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण पाणी सुट्टी घेत नाही, त्यामुळे केंद्र चालू होतं. वहिनीनं भाऊजींना प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर चार स्वच्छ नळ्या होत्या आणि तिनं स्वतः मोजून केलेलं फॉस्फरसचं द्रावण होतं.

"हे नीट मोजून चार नळ्यांत घाला. एकीत पाव, एकीत अर्धा, एकीत एक, एकीत दोन. चारही वेगळ्या. बुडाला चिठ्ठी चिकटवा, वर औषध टाका आणि अदलाबदल करून ठेवा. मी पाठ करून उभी राहते."

"कशाला?"

"परीक्षा आहे."

"कोणाची?"

"घाला म्हटलं ना."

भाऊजींनी मोजायला सुरुवात केली. जाड बोटांचा माणूस, पण इतकी वर्षं पंपाचा डोस थेंबावर बसवलेला; हात स्थिर होता. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर निवळणीच्या गोल टाकीवर गाळ ओढणारा लांब लोखंडी हात सावकाश फिरत होता. इतकी वर्षं ह्याच खिडकीच्या उजेडात तिनं नळ्या धरल्या होत्या. तिला भीती वाटत होती आणि ती नाकारण्यात काही अर्थ नव्हता. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, आता हिचं कसं होणार, आणि दिवस झाल्यावर ती इथे येऊन उभी राहिली, नळी हातात धरली, आकडा सांगितला आणि तिचं झालं होतं. हे गेलं तर मग काय उरणार होतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"झालं," भाऊजी म्हणाले.

तिनं पहिली नळी उचलली. उजेडात धरली. डोळा बारीक केला. "पाव."

"बरोबर."

तिनं ती खाली ठेवली. दुसरी उचलली. "अर्धा."

"बरोबर."

"बघा," ती म्हणाली, आणि आवाजात जुनी धार आलीही. तिसरी नळी तिनं जरा जास्त वेळ धरली. फिरवली. पुन्हा धरली. "हीसुद्धा अर्धाच."

भाऊजी थोडे थांबले. "बरोबर."

वहिनी नळी तशीच हातात धरून त्यांच्याकडे वळली. "भाऊजी, चारही वेगळ्या करायला सांगितल्या होत्या. दोन अर्धे आले कुठून?"

"मी... चुकून दोन केल्या."

"तुम्ही? चुकून?"

तिनं नळी डोक्याच्या वर उचलली आणि बुडाची चिठ्ठी वाचली. एक. आधी जिला अर्धा म्हणाली होती ती उचलली. दोन. जिला ती पाव म्हणाली होती तिच्या बुडाला अर्धा होता. चौथी तिनं पाहिलीच नाही.

भाऊजी आपल्या बोटांवरचे डाग चोळत राहिले, जणू आजच ते निघणार होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"ठाऊक नव्हतं. वाटत होतं. गाळ बघून वाटायचं."

"मग काल सगळ्यांसमोर का बोलला नाहीत? माझ्या तोंडावर सांगायचं होतं."

"काय सांगू? वहिनीला दिसत नाही, असं?" भाऊजी पहिल्यांदा वर बघून बोलले. "तू इथे कशी उभी असतेस ते मी रोज बघतो. दादा गेल्यावर तू ह्याच्यावर तर उभी राहिलीस. माझं काय, पंप कुठेही मिळतो मला. पाणी काढायला, चढवायला, कुठेही. तुला दुसरी नळी कोण देणार होतं?"

वहिनी स्टुलावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. आधी त्यांचा, मग जावेचा, आणि शेवटी जाऊन पोहोचला तो तिचा स्वतःचाच. सगळे तिला सांभाळत होते. जाऊ बटणं सांभाळत होती, हा माणूस नोकरी द्यायला निघाला होता, आणि ती मात्र तळ्याकाठच्या लोकांना खत बघायला सांगत होती.

"तुम्ही घालवणार होतात नोकरी," ती म्हणाली, "आणि मी काढा कमीच ठेवला असता. तळं पार नासलं असतं, भाऊजी. मग माझी नळी घेऊन मी काय केलं असतं?"

भाऊजी टेबलावरच्या नळ्या गोळा करायला लागले.

"उद्या तो शर्ट घाला," ती उठत म्हणाली. "बगल शिवून झालीय. निळ्या दोऱ्यानं."

बैठक प्रयोगशाळेतच झाली, कारण तेवढी मोठी खोली दुसरी नव्हती. दोन्ही पाळ्यांची माणसं भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी घसा साफ केला आणि भाऊजींकडे वळल्या, तेवढ्यात वहिनी पुढे झाली.

"आधी मी बोलते, मॅडम. परवा मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, म्हणून हेही सगळ्यांसमोर." ज्या आवाजात ती आकडा सांगे, तोच आवाज होता. "पंप बंद नव्हता. पंपवाल्याची चूक नाही. चूक माझ्या डोळ्यांची आहे. मला निळा दिसत नाही. म्हणजे दिसतो, पण आहे त्याहून फिकट दिसतो. बऱ्याच दिवसांपासून. ताडून बघायला चकती आहे, ती मी वापरली नाही, कारण मला वाटलं मला गरज नाही. त्यामुळे काढा कमी पडला आणि फॉस्फरस तळ्यात गेला. माझ्या आकड्यानं गेला."

मॅडमना काही बोलायचं असावं, पण वहिनीचं संपलं नव्हतं.

"तुम्हाला खात्री करून घ्यायची असेल तर नळ्या तयार आहेत. मी आत्ता सगळ्यांसमोर वाचते, तुम्ही चिठ्ठ्या बघा."

"त्याची गरज नाही, वहिनी," मॅडम हळू म्हणाल्या.

"आहे," वहिनी म्हणाली. "परवाही तुम्ही 'नक्की?' विचारलंत आणि मग माझ्यावर विश्वास ठेवलात. आता ठेवू नका."

आणि तिनं वाचलं. चारही नळ्या, एकेक, खिडकीच्या उजेडात. मॅडमनी बुडाच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि चारही वेळा मान खाली घातली. एकही बरोबर आला नव्हता. शेवटची नळीसुद्धा वहिनीनं नेहमीसारखीच स्टँडमध्ये ठेवली, हे नंतर पुष्कळ दिवस केंद्रावर सांगितलं जात होतं.

"मीही चुकले," मॅडम म्हणाल्या. "मीटर महिनोन्‌महिने दुरुस्तीला पडला आहे. तुमच्या भरवशावर मी तो विसरले." मग त्या भाऊजींकडे वळल्या. "पंप घ्या ताब्यात. आणि माझ्याकडून माफी घ्या."

"माफी राहू दे, मॅडम," भाऊजी म्हणाले. "काढा वाढवू का, तेवढं सांगा."

कोणीतरी हसलं आणि खोलीतला ताण सुटला. वहिनीनं ड्रॉवर उघडून चकती काढली, धूळ पुसली आणि भिंतीवर नळ्यांच्या स्टँडशेजारी खिळ्याला टांगली. "यापुढे दोघांनी वाचायचं," ती सर्वांना म्हणाली. "आणि आधी चकतीला लावून. मी असले तरी."

डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला, पिवळट, दोन्हीकडे; निळा त्यातच अडत होता. इतके दिवस कसं कळलं नाही, असं तो विचारत होता. वहिनी म्हणाली, इतकं हळूहळू येणारं कळणार कसं. एक डोळा आधी करायचा, दुसरा नंतर, असं ठरलं. ती घरी असताना भाऊजी रोज संध्याकाळी खालच्या खोलीत येऊन गाळाचा रंग सांगत. विटकरीकडे झुकतोय. आज बरा विटकरी आहे. तळं मात्र एवढ्यात सुधारणार नव्हतं. जो फॉस्फरस आधीच त्यात गेला होता तो सगळा शेवाळाच्या पोटात होता, आणि ह्या उन्हाळ्यात तरी साखळी निघणार नव्हती. वहिनीनं ते ऐकून घेतलं. त्यातून सुटका मागायची तिला इच्छा नव्हती.

ती परत कामावर आली त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. भाऊजी नमुना घेऊन आधीच आले होते. तिनं कोट चढवला, बटणांकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसली. जावेनं सांगितलं होतं त्याहून प्रकार वाईट होता. नळीला रंग चढेपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून तिनं ड्रॉवर उघडला, मागे हात घालून फडकं काढलं आणि सोडलं.

खडा निळा होता. रात्र पडायच्या आधी आभाळ असतं तसा गडद, आणि कडेला ऊन पडलं तिथे आतून उजळलेला. तिनं नव्या डोळ्यावर हात ठेवला. खडा मळकट झाला. हात काढला. निळा.

"भाऊजी," ती म्हणाली, "हा कसा दिसतो तुम्हाला?"

भाऊजींनी वाकून पाहिलं. "निळा."

"मी विझला म्हणाले होते तेव्हा?"

"तेव्हाही निळाच होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

भाऊजींनी नळी उचलली, हलवली, पुन्हा स्टँडमध्ये ठेवली. "मला वाटलं, तू दादाबद्दल बोलतेयस," ते म्हणाले.

वहिनी खड्याकडे बघत राहिली. त्याला फार वेळ उजेडात ठेवून चालणार नव्हतं. तिनं तो फडक्यात गुंडाळला, ड्रॉवरमध्ये मागे सरकवला आणि ड्रॉवर लावला. मग डोळे पुसले, दोन्ही, जपून, डॉक्टरनं सांगितलं होतं तसे.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्ही वाचा आधी."

भाऊजींनी तपकिरी बोटांत नळी धरली, खिडकीकडे नेली आणि डोळा बारीक केला, अगदी तिच्यासारखा.

"तसं नाही," वहिनी म्हणाली आणि खिळ्यावरची चकती काढून त्यांच्या हातात दिली.